मामांनी केलेली मांगुरांची सरमिसळ

कॉलेजातल्या टाक्यांच्या खोलीचं काम ऐन उन्हाळ्यात निघालं आणि माझे मांगूर आमच्या घरी आले. पीएचडीचे मासे म्हणजे काय, हे तोवर घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी टबात डोकावून फक्त एवढंच विचारलं, "हे किती दिवस?" मी म्हटलं, "थोडेच."

मांगूर हा मिशावाला, बिनखवल्यांचा मासा. कल्ल्यांशिवाय हवेतला श्वास घ्यायला त्याच्या डोक्यात वेगळा अवयव असतो. डबकं आटलं की तो पुढच्या पंखांच्या काट्यांवर रेटत, अंग वळवत दुसरं पाणी शोधायला निघतो. पाण्यात असताना त्याच्या अंगातला अमोनिया कल्ल्यांवाटे निघून जातो. जमिनीवर ती सोय नाही, म्हणून तो त्याचा युरिया करतो, असं मानतात. त्यासाठी कुठली जनुकं जागी होतात, हे मला बघायचं होतं. मागच्या पडवीत निळ्या टबात पाणी, लाल टबात ओला चिखल. अर्धे मासे इकडे, अर्धे तिकडे, मग दोघांची तुलना. कागदावर इतकं सोपं.

पण पाण्यातल्या माशांना पाण्यात राहायचंच नव्हतं. जाळी टाकली, ती त्यांनी डोक्यानं उचलली. जाळीवर वीट ठेवली, तर फटीतून निघाले. एक मोरीत सापडला, एक सासूबाईंच्या चपलेत. चिखलातले मात्र दिवसभर समाधानानं पडून. अरे बाबांनो, तुम्ही जमिनीवरचे! तुम्ही पळायचं तर एक वेळ समजलं असतं.

कसेबसे दिवस काढले. कल्ले आणि यकृताचे तुकडे काढून बर्फात घालून पुण्याला तपासणीला पाठवले. निकाल आला आणि मी कपाळावर हात मारला. दोन्ही गट सारखेच! पाण्यातल्या काही माशांत युरियाची जनुकं जोरात, चिखलातल्या काहींत थंड. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख बघून चष्मा काढला.

"नमुने अदलाबदल झालेत तुझ्याकडून."

"नाही मॅडम. प्रत्येक बाटलीवर मी स्वतः लिहिलंय."

"मग माशांवर खूण केली होतीस?"

"टबच वेगळे होते ना, मॅडम!"

त्यांनी आलेख माझ्याकडे परत सरकवला. त्याचाच जास्त राग आला.

घरी येऊन मी पिशवी आपटली. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, पडवीत शेंगा फोडत बसले होते. वळसंगची शेती धाकट्या भावाकडे सोपवून ते आमच्याकडे राहायला आलेत. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, दोन टबांतले मासे सारखे निघाले, सगळं वाया गेलं.

मामांचा हात थांबला.

"पोरी, ते पडवीत यायचे की गं पहाटंचं. मी बोअरची मोटर लावाया उठलो की दिसायचे. उचलून ठिवायचो."

"कुठं ठेवायचात?"

"टबात की."

"कुठल्या टबात, मामा?"

"जो जवळ असंल त्यात." मग माझा चेहरा बघून, "सगळे सारखेच दिसत्यात की. तुला तरास नको म्हनून सांगितलं न्हाय."

भांडायचं तर माणूस बिचारा माझ्याच भल्यासाठी काटे टोचून घेत होता. न भांडावं तर एवढी मेहनत गटारात गेलेली. मी आत जाऊन पातेली उगाच घासली.

मग नवे मासे आणायला पुन्हा उजनी धरणाकाठी एसटीनं गेले. कॅनमधले मासे हिंदकळत असताना कंडक्टर दर थांब्याला "ताई, हे सुटणार न्हाईत ना?" विचारत होता. या वेळी प्रत्येक माशाच्या पंखाला खाच केली, गट ओळखू येईल अशी, आणि पाण्याच्या टबावर घट्ट बसणारं भोकांचं झाकण करून घेतलं. मामांना बजावलं, "मासा दिसला तर हात लावायचा नाही. मला हाक मारायची." त्यांनी इतक्या इमानानं पाळलं, की पडवीत पालीची शेपटी हलली तरी "ए पोरी!" अशी हाक यायची. झोपेचं खोबरं झालं.

पण निकाल वेगळा आला. चिखलातल्यांत युरियाची जनुकं चढलेली, पाण्यातल्यांत खाली. मॅडम म्हणाल्या, "हं, आता जमलं." बस, एवढंच.

मी घरी सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला. त्यांनी लगेच वळसंगला भावाला फोन लावला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "आरं, आमच्या सुनंनं मासा जमिनीवर चालवला!"

"मामा, मी नाही चालवला! तो मुळातच चालतो!" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

त्यांनी फोनवर हात ठेवला, माझ्याकडे बघून मान डोलावली, "व्हय, त्येच सांगतोय की," आणि पुन्हा पहिल्यापासून तसंच सुरू केलं.