खाजेचा जाहीर लिलाव

तमाम सज्जनांना, आणि सज्जन नसलेल्यांनाही, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या डायलिसिस वॉर्डात एकदा भर सकाळी एका खाजेचा जाहीर लिलाव झाला. पुकारा मीच केला. टाळ्या वाजवू नका, सिस्टर रागावतात.

खाज माझ्या शेजारच्या बेडवरच्या काकांची होती. लासूर स्टेशनच्या बाजारात त्यांनी उभी हयात कांद्याचे लिलाव पुकारले. किडन्या गेल्या, आवाज राहिला. मशीन कुठं टीं-टीं करू लागलं की सिस्टर धावायच्या आत काका ओरडत, "एक वार! दोन वार!"

तुम्ही आत आला असतात तर आधी त्यांचा हातच दिसला असता. डावा हात सुया टोचून मशीनला जोडलेला, आणि उजवा अखंड चालू. मान, पोट, मांडी, पुन्हा मान. पाठीसाठी त्यांनी दाणे काढलेलं मक्याचं वाळकं कणीस आणलं होतं, टॉवेलात गुंडाळून, तलवार जपावी तसं. ते पाठीवर फिरलं की डोळे मिटून म्हणत, "आहाहा! सरकारनं हेच्यावर टॅक्स कसा नाय लावला अजून?"

आम्ही हसायचो. तेही हसायचे. डॉक्टर दारात दिसले की मात्र कणीस उशीखाली.

"काय काका, काही त्रास?"

"एक नंबर!"

डॉक्टर पुढं.

"सांगत का नाही हो?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, चांगला माल ढिगाच्या वर ठिवायचा असतो. अन् एवढी मोठी मशीन रगत धुतीया, तिच्यापुढं खाजेची रड काय सांगू? लाज हाय का नाय?"

मग एका सकाळी कणीस टॉवेलातून बाहेरच आलं नाही. काकू पायथ्याशी बसून ओल्या फडक्यानं त्यांचे तळवे पुसत होत्या. "रातभर पायाची आग, अंगाची खाज," त्या हळूच मला म्हणाल्या. "चादरीला रगताचे डाग पडत्यात."

काका छताकडं बघत बोलले, "लई झालं भाऊ. झोप नाय तर कशाला जगायचं? पुढच्या बारीला मी येत नाय."

येत नाही म्हणजे काय, हे आमच्या वॉर्डात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेवढ्यात डॉक्टर आत आले, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि काकांनी नेहमीचं "एक नंबर" म्हटलं.

मग माझ्यातला नाटक्या जागा झाला. मोकळा हात उंच करून मी गर्जना केली, "बोला! लासूरचा माल! एक खाज! किरकोळ, हलकी, कधीमधी येणारी! फुकट चाललीय हो, फुकट! एक वार! दोन वार!"

चांगला माल मातीमोल जाताना या माणसानं आयुष्यात ऐकून घेतलं नव्हतं. काका उसळले.

"किरकोळ? ए भाऊ, किरकोळ कुनाला म्हन्तो?" उजव्या हातानं त्यांनी सदरा वर ओढला. "सायब, ही पाठ बघा! अन् पायात निखारे हायेत निखारे, ते धरले का ह्यानं हिशेबात?"

वॉर्ड हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, ओरखड्यांनी भरलेली पाठ नीट पाहिली, तळव्यांवर बोटं टेकवून कुठं किती कळतं ते विचारलं. म्हणाले, "काका, डायलिसिसवर पुष्कळांना होतं हे. यावर औषध असतं. बोलायला हवं होतं."

मग ढिगाच्या पोटातला माल बाहेर पडला. खाज वाढवणारा फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणासोबत घ्यायची, तर काका ती पहाटे चहाबरोबर उपाशीपोटी गिळत होते. खाज जावी म्हणून कढत पाण्यानं, साबणानं अंग घासत होते. आता कोमट पाणी आलं, अंग ओलसर असतानाच लावायचं मलम आलं, आणि नसांसाठी एक गोळी, अगदी थोडी, डायलिसिस झाल्यावर. "ही गोळी तुमची किडनी बाहेर टाकू शकत नाही, तेव्हा मनानं वाढवायची नाही. गुंगी आली, तोल गेला तर लगेच सांगायचं," डॉक्टरांनी बजावलं.

"सांगतो की," काका माझ्याकडं डोळे वटारून म्हणाले. "नायतर हा हाय फुकटात विकायला."

पुढच्या बारीला ते आले. त्याच्या पुढच्यालाही. उतार सावकाश पडला. आधी पायाची आग निवली, मग पाठ. आता वैजापूरला त्यांच्या डायलिसिसची सोय झालीय, ते तिकडं जातात. शेजारच्या बेडवर एक मितभाषी गृहस्थ असतात, फार कंटाळवाणे. जाताना काकांनी कणीस मला बक्षीस दिलं.

पण जाण्याआधीची एक सकाळ सांगतोच. वॉर्डात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पाहिलं तर काकांचा उजवा हात छातीवर, स्वस्थ. मशीन सुरळीत, सिस्टर निवांत, आणि मला शेजारून मंद घोरणं ऐकू येत होतं. ऐकू आलं नाही ते फक्त काकूंना. त्या चहा घेऊन दारात आल्या आणि तो थांबलेला हात पाहून जागीच थिजल्या. कप तिथंच टेकवून धावल्या, नवऱ्याचा खांदा गदागदा हलवला आणि सगळ्या वॉर्डादेखत ओरडल्या,

"अवं! खाजवा की हो जरा!"