तिसऱ्या माशाचा डोळा

मस्कतच्या रुवी भागात माझं साइनबोर्ड आणि लोगो डिझाइनचं दुकान आहे. भूतखेत, झपाटणं वगैरे सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. त्यामुळे तुम्ही मला हसलात तर हसा... पण आधी पूर्ण वाचा. घाबरलो म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्यावर अन्याय झालाय आणि तो कुणी केला तेच कळत नाही, म्हणून लिहितोय.

मस्कतबाहेर, बरक्याला समुद्राजवळ बर्फाचा एक जुना कारखाना आहे. पूर्वी कोळी तिथून बर्फ न्यायचे. तो बांधणाऱ्याचा नातू — सगळे त्याला अबू हमद म्हणतात — तिथे मासेमारीचं छोटंसं खासगी म्युझियम करत होता. इमारतीच्या दुरुस्तीचं काम मूळ रत्नागिरीच्या इम्तियाजभाईंकडे होतं. म्युझियमचा लोगो, पाट्या, तिकिटं, पिशव्या या सगळ्यासाठी त्यांनीच माझं नाव सुचवलं.

घासाघिशीत मला रुवीत कुणी हरवलेलं नाही. पण या कामाला मी स्वतःहून भाव उतरवला. बदल्यात एकच मागितलं — दारावरच्या पितळी पाटीवर 'बोधचिन्ह : सावंत' असं कोरायचं. चिपळूणजवळच्या गावातून इथे आलो तेव्हा मी शिडीवर चढून दुकानांची नावं रंगवायचो. अर्ध्या मस्कतवर माझ्या हातची अक्षरं होती, पण माझं नाव कुठेच नव्हतं. माझी मुलगी शाळेत सांगते, बाबा बोर्डवाले आहेत. तिला एकदा ती पाटी दाखवायची होती, बस्स. अबू हमद म्हणाला, "खलास, मंजूर." खलास म्हणजे इकडे 'झालं, ठरलं'.

आता माझी एक युक्ती सांगतो. ती धंद्यातली आहे, एरवी सांगितली नसती. कुठलंही गिऱ्हाईक डिझाइनमध्ये काहीतरी बदलायला सांगतंच, त्याशिवाय त्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. म्हणून पहिल्या नमुन्यात मी मुद्दाम एक ढोबळ चूक ठेवतो. गिऱ्हाईक ती पकडतं, खूश होतं आणि बाकीच्याला हात लावत नाही.

इथे मी बर्फाची चौकोनी लादी काढली. तिचा उजवीकडचा खालचा कोपरा वितळलेला. आत एकामागे एक फिरणारे तीन मासे. आणि चूक म्हणून तिसऱ्या माशाचा डोळा काढलाच नाही. हे सगळं मला माबेल्याच्या घरून दुकानात जाताना, ट्रॅफिकमध्ये सुचलं. कुठे पाहिलेलं नाही, इंटरनेटवरून उचललेलं नाही. अबू हमदने नमुना बघितला, बोट ठेवलं आणि इथल्या बऱ्याच ओमानींसारखं हिंदीत म्हणाला, "इसकी आँख किधर है?" मी कपाळावर हात मारून घेतला, डोळा दिला आणि काम पास झालं. डोळेवाला लोगो कारखान्याच्या कुंपणावर लागलासुद्धा.

त्यानंतर इम्तियाजभाईंनी बर्फ साठवायची खोली मोकळी करायला घेतली. थंडी टिकावी म्हणून तिच्या भिंतींना आतून बुचाचे जाड तक्ते डांबराने चिकटवलेले होते. कारखाना बांधला तेव्हाचे... म्हणजे माझा जन्मही झालेला नसेल. त्या दिवशी पिशव्यांचे नमुने घेऊन मी तिथेच होतो, अबू हमदही होता. समोरच्या भिंतीवरचा तक्ता निघाला, त्यामागचं डांबर पापुद्र्यासारखं सुटलं आणि खालच्या गिलाव्यावर निळा रंग दिसला.

चौकोन. उजवीकडचा खालचा कोपरा वितळलेला. आत तीन मासे.

तिसऱ्याला डोळा नव्हता.

मी जवळ जाऊन पाहिलं. ब्रशने काढलेलं होतं, आणि ब्रश उचलताना ज्या बाजूला रंगाची शेपूट निघते ती डावखुऱ्याची होती. मी डावखुरा आहे. इम्तियाजभाई माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "शेठ, ही तर तुमच्याच हातची वाटते. मागच्या जन्मी पण बोर्डच रंगवायचात काय?"

मला हसू आलं नाही. कारण अबू हमदचा चेहरा एव्हाना फुलला होता. ही आपल्या आजोबांची निशाणी, असं तो फोनवर घरी सांगत सुटला. फोन ठेवून त्याने मला विचारलं, तू हे कधी बघितलंस? इम्तियाजभाईंनी शपथ घेऊन सांगितलं की तक्ते आजच निघालेत, त्यांच्यामागे उंदीरही शिरला नसता. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "ठीक है, तुमने चोरी नहीं की. लेकिन ये हमारे दादा का है. इसमें तुम्हारा नाम कैसे आएगा?"

माझं डोकंच सणकलं. चित्र माझं, विचार माझा, पाटीसाठी भाव मी उतरवला... आणि नाव नाही? चढ्या आवाजात मी त्याला सगळं सांगून टाकलं. डोळा चुकून राहिला नव्हता, तुम्ही चूक काढावी म्हणून मी तो गाळला होता. तुमच्या आजोबांनी डोळा कशाला गाळला असेल, सांगा.

अबू हमदने भिंतीवरच्या बिनडोळ्याच्या माशावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तो हमारे दादा को भी किसी ने ऐसे ही बेवकूफ़ बनाया होगा."

घासाघिशीत मी पहिल्यांदा हरलो. तेही स्वतःच्याच युक्तीने. कुंपणावरचा डोळेवाला लोगो उतरवला गेला आणि भिंतीवरचा, बिनडोळ्याच्या माशाचा, अधिकृत झाला. मजुरी मला पूर्ण मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पाटीबद्दल आहे.

घरी येऊन मी बरेच तर्क लढवले. लहानपणी असं काही पाहिलं असेल म्हणावं, तर आमच्या गावात कोण ओमानची माशांची निशाणी आणणार. इम्तियाजभाईंची चेष्टा म्हणावी, तर तसलं डांबर आता मिळतही नाही, आणि तक्ते निघताना मी स्वतः समोर होतो. अबू हमदने घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारलं. कारखान्याची अशी काही निशाणी होती हे कुणालाच आठवत नाही.

उद्घाटनाला जायचं नाही असं ठरवलं होतं. बायकोने ओढून नेलं. ती भिंत तशीच ठेवून पुढे काच लावली होती, वरून दिव्याचा झोत सोडलेला होता आणि लोक फोटो काढत होते. बाजूला छोटी पट्टी होती. माझ्या मुलीने ती इंग्रजीतून वाचली आणि तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "बाबा, आर्टिस्ट अननोन... म्हणजे ज्याने काढलं, तो कुणालाच माहीत नाही?"

मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो तिला?

मला आजही उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, पण 'योगायोग' एवढंच लिहू नका. भूत असेल तर असो, माझी त्यालाही हरकत नाही. पण ज्या कुणी ते काढलं, त्याने खाली स्वतःचं नाव तरी घालायला हवं होतं. म्हणजे मी त्याच्याशी भांडलो तरी असतो. आता भांडू कुणाशी?