आकडा आधी सांगणारे अप्पा

विश्वनाथअप्पांची आणि माझी ओळख वादावादीतून झाली. भावाची गिटार घेऊन मी अंबाजोगाईच्या त्यांच्या दुकानात गेले होते. तारा जिथे अडकवतात तो लाकडी पूल उखडून वर आला होता. अप्पांनी तारा सैल केल्या, एक डोळा मिटून दांड्यावरून नजर फिरवली, पाठीवर बोटाने ठोकून पाहिले आणि हत्याराला हात लावण्याआधीच भाव सांगितला.

मी सुताराची लेक. म्हणाले, "एवढ्यात आमच्यात दरवाजा होतो."

"मग दरवाजा वाजवा," अप्पा म्हणाले.

मी तणतणत पायरी उतरले आणि तशीच परत चढले, कारण आसपास दुसरे दुकान नव्हते. गिटार परत मिळाली तेव्हा माझ्या सुतारी डोळ्यालाही सांधा सापडेना. त्याच दिवशी मी त्यांना विचारले, "मला शिकवाल का?"

अप्पा आज पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांनी आयुष्यभर बाजाच्या पेट्या दुरुस्त केल्या. शाळांची संमेलने आणि लग्नांतले ऑर्केस्ट्रे यांच्यामुळे आपल्याकडे गिटारी आल्या, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीचा भाव कुणालाच ठाऊक नव्हता. दुरुस्ती करणारे गिऱ्हाइकाची मोटारसायकल पाहून पैसे सांगत. अप्पांनी काम पाहून सांगायला सुरुवात केली. गिटार महागाची असो की स्वस्तातली, काम सारखे तर भाव सारखा. मी त्यांच्याकडे शिकत असताना दिंद्रुडच्या एका वादकाची गिटार उघडली तर आतली पट्टीही तुटलेली निघाली. काम दुप्पट झाले, पण अप्पांनी आकडा बदलला नाही. माझा जीव जळत होता. ते शांतपणे म्हणाले, "बघण्यात चूक माझी झाली. भुर्दंड त्याला कावून?"

त्यांच्या सवलत देण्याच्या पद्धतीवर मात्र माझा आक्षेप होता. चकलांब्याच्या एका मेंढपाळ कुटुंबातली मुलगी वसतिगृहात राहून शिकत होती. तिची दुरुस्त केलेली गिटार देताना अप्पा तिला सगळ्यांदेखत म्हणाले, "काम पाचशेचं हाय. तू दोनशे दे. तीनशे मी सोडले." ती गेल्यावर मी बोलून दाखवले की, अशी मदत गुपचूप करावी.

"गुपचूप सोडलं तर तिला वाटंल, काम दोनशेचंच हाय," अप्पा म्हणाले. "उद्या ती दुसऱ्या कारागिराला बी दोनशेच दील. त्यानं काय खायाचं?"

हे मला पटले, पण अंगवळणी पडले नाही. लग्नानंतर घाटनांदूरला सासऱ्यांनी रस्त्याकडेची खोली दिली आणि मी स्वतःचे दुकान थाटले. पाडव्यापर्यंत जम बसला नाही तर खोली खतवाल्याला भाड्याने जाणार, हे त्यांनी आधीच बजावले होते. काम भरपूर येई, पैसा मात्र दिसत नसे. कारण कुणी "किती झाले?" म्हटले की माझ्या तोंडून निघे, "द्या बघून." आपल्याकडे ओळखीच्या माणसाला आकडा सांगणे उद्धटपणाचे वाटते. मग तोही बघून देतो, पण काम बघून नव्हे, खिसा बघून.

गावात एका लग्नाला आलेले अप्पा दुकानात टेकले होते. त्यांच्यासमोरच एक ओळखीचे गृहस्थ असे 'बघून' देऊन गेले.

"त्यानं काय बघितलं?" अप्पांनी विचारले.

"म्हणजे?"

"आतला सांधा त्यानं बघितला का? तू बघितलास. मग बघून तो कावून दील?"

"गावची माणसं हायती, अप्पा. जीभच रेटत न्हाई."

"मग खतवाल्याला खोली देऊन टाक," असे म्हणून ते जेवायला निघून गेले. मला रडू आले, आणि रागही. पण दुसऱ्या दिवसापासून मी आकडा सांगू लागले. काही गिऱ्हाइके तुटली. 'लई महाग बाई हाय' असा लौकिक झाला. जम बसल्याची खूण काही दिसेना आणि पाडवा जवळ येत होता.

पाडव्याच्या तोंडावर अप्पा नातीची गिटार घेऊन दारात उभे राहिले. दांड्यावरच्या पितळी पट्ट्या झिजल्या होत्या. सासरे ओट्यावर बसले होते.

"किती होतील?"

मी गिटार नीट पाहिली. "सातशे, अप्पा."

"लई होतात."

"काम तेवढं हाय."

"काई सोडशील?"

"न्हाई."

"अगं, गुरू हायती ते!" सासरे ओरडले. अप्पांनी सातशे रुपये माझ्या हातावर ठेवले आणि ते सासऱ्यांकडे वळले. "पाव्हणं, खोली खतवाल्याला देऊ नका. माझा हात आता थरथरतो. माझी गिऱ्हाइकं मी हिच्याकडं लावून देतो. हिला भाव सांगता येतो का, तेवढं बघायचं होतं."

खोली राहिली, दुकान राहिले. अप्पांची गिऱ्हाइके आता माझ्याकडे येतात आणि 'अप्पा कमी घ्यायचे' अशी मला खुशाल थाप मारतात.

पंचाहत्तरीच्या या सोहळ्यात अप्पांसाठी देवाकडे आयुष्य मागायचे, तर तिथेही मी "द्या बघून" म्हणणार नाही. आकडा सांगते. शंभर वर्षे, तीही धडधाकट. त्यातले एकही सोडणार नाही.