डबा मागायला आलेली बाई

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात जुने कागद मागायला कोणी आलं, की तो जमिनीचाच माणूस असतो. मांडव्याला गाड्या घेऊन येणारी बोट सुरू झाल्यापासून तर मुंबईची माणसं बांधाबांधावर दिसू लागली आहेत. आधी प्यायला पाणी मागतात, मग समोरचं शेत कुणाचं ते विचारतात, आणि मग हळूच म्हणतात, "घरात जुनं काही असेल ना?" आम्ही दुधानं तोंड पोळलेली माणसं. एका चुलत्यानं आईचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला होता, तेव्हापासून मी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिते.

म्हणून त्या बाई पायरीशी चपला काढून म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडची जुनी पत्रं बघायला मिळतील का?" तेव्हा मी दारातून हललेच नाही. मुंबईच्या एका कॉलेजसाठी त्या साध्यासुध्या घरांतली पत्रं, फोटो, जपून ठेवलेल्या वस्तू जमवत होत्या. म्हणे, मोठ्यांचे कागद पुष्कळांनी जपले, खाडीकाठच्या माणसांचे कुणी जपले नाहीत. ऐकायला गोड होतं. गोड बोलणाऱ्यांनीच आमच्याकडची शेतं नेली आहेत.

त्यांनी कार्ड दिलं. त्यावरच्या नंबरावर मी फोन केला नाही, कारण उचलणारा त्यांचाच कुणी निघाला तर? कॉलेजचा नंबर माझ्या फोनवर वेगळा शोधला आणि पडवीच्या टोकाला जाऊन चौकशी केली. बाई खरंच तिथल्या होत्या. तरी मन मानेना. खरी माणसंसुद्धा खोट्या कामाला येतात.

"येऊं दे गो तिला आत," आई आतून म्हणाली. मी या घरची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन गावातच राहिले आहे, आणि आई या जुन्या घरात भावकीला लागून एकटी असते. हे घर सोडायला ती तयार नाही, त्यामुळे तिच्या दारात कोण येतं याच्यावर डोळा ठेवणं माझ्याकडे आहे.

मी नको नको म्हणत असताना तिनं कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. वडील आखातात होते, बंदरातला गाळ काढणाऱ्या बोटीवर कामाला. माझ्या लहानपणी ते आमच्या घरात राहिले ते पत्रांतूनच. आईला वाचता येत नाही. आलेलं पत्र मी वाचायची, आणि चुलीपुढे बसून ती सांगायची ते उत्तरही मीच लिहायची. "लिव, भात चांगला झाला. लिव, बैल आजारी हाय. लिव, कवा येनार?" हे शेवटचं तर प्रत्येक पत्रात असायचं.

डब्यात वडिलांची पत्रं होती, अत्तराची रिकामी बाटली होती, लग्नातल्या मुंडावळ्यांचे सुटे मोती आणि कामाच्या ओळखपत्रावरचा त्यांचा दाढी वाढलेला फोटो. त्यांचं म्हणून एवढंच आमच्याकडे उरलं आहे. हे हातचं गेलं तर वडील पुन्हा एकदा गेले, असं मला वाटत होतं. मी डबा मांडीवर धरूनच बसले आणि एकेक पत्र बाईंच्या हातात देऊ लागले.

बाईंनी पातळ पांढरे हातमोजे घातले.

"का, आमच्या कागदांना वास येतो?" मी म्हटलं.

"नाही हो ताई, माझ्या हाताच्या घामानं कागद खराब होतो."

"त्याना घाम आमचाच लागलाय आधी," आई म्हणाली आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

वाचता वाचता बाई थांबल्या. "प्रत्येक पत्रात ते विचारतात, खाडीचा बांध फुटला नाही ना? हा बांध कुठला?"

झालं! कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळतच होतं. "बांधाशी तुमचं काय काम?" मी विचारलं. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. आईनंच त्यांना समजावलं, की बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भात होत नाही, म्हणून वडील तिकडे बसून काळजी करायचे. बाईंनी ते लिहून घेतलं. मी मान लांब करून वहीत बघितलं. तेवढंच लिहिलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "आजी, तुमची उत्तरं कुठे आहेत?"

मीच सांगितलं. वडील कायमचे परत आले तेव्हा माझ्या अक्षरातली सगळी उत्तरं एका हिरव्या बॅगेत घालून घेऊन आले होते. बॅग त्यांच्या खाटेखाली असायची. त्याच खाटेवर ते गेले. आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण, कपडे, खाटेजवळचं असेल नसेल ते दहाव्याला ओहोटीच्या पाण्यात सोडतात. मागे ठेवलं तर जीव घरातच घुटमळतो म्हणतात. भावकीतल्या पुरुषांनी बाकीच्या सामानाबरोबर ती बॅगही उचलली. उघडून बघायची रीत नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. बायका खाडीवर जात नाहीत, त्यामुळे आम्हाला कळलं तेव्हा ओहोटी संपत आली होती.

बाईंनी हातातलं पत्र घडी घालून मला परत दिलं. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. पत्रं कायमची संग्रहाला दिली, असा मजकूर होता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, मागची कोरी बाजूही उजेडात धरून पाहिली. "कायमची देणार नाही," मी सांगितलं. "फोटो काढा आणि निघा."

"तसंही चालेल, ताई," बाई लगेच म्हणाल्या.

"फोटू नको," आई म्हणाली. "डबाच घेऊन जा."

माझं डोकंच फिरलं. "आये, ही कोण कुठली! पोटच्या पोरीला सोडून परकीला देतेस?"

"परकी हाय म्हनूनच देतंय. मी मेल्यावं सगल्याना सुतक लागंल. तिला न्हाय लागायचा."

"म्हणजे?"

"डबा माज्या उशाला असतो. दहाव्याला तो पन जानार, तुज्या बापाच्या बॅगेसारका."

"मी असताना? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुज्यावं हाय गो," ती म्हणाली. "पर तुज्या घरी ठेवला तरी मागून नेतील. त्या दिवशी तुजा कोन ऐकनार?"

मला रडू आलं आणि तिचा रागही आला, कारण उत्तर तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. बोटीतून उतरणाऱ्या एकेकावर संशय घेत मी दारात उभी होते. घरातल्या रीतीवर तो घ्यावा, हे मला कधी सुचलंच नाही. आईनं घेतला होता, आणि कुणाला न सांगता एवढी वर्षं मनात ठेवला होता.

मी डबा मांडीवरून उचलून बाईंच्या हातात दिला. आईनं अंगठा उमटवला, आणि साक्षीदाराच्या जागी मी माझं नाव लिहिलं.