मीठ हातात दिलं

"पाय बाहेर ठेवा," गुरुजी माझ्या आईला म्हणाले. म्हणजे तिने बाहेरच बसायचं. ती बसली, उंबऱ्यापलीकडे, चपलांच्या शेजारी.

पेणच्या शाळेतली पालकसभा. आई वडखळकडच्या मिठागरातून काम टाकून तशीच आली होती. टाचांच्या भेगांत मीठ. मला स्कॉलरशिपच्या वर्गात बसायचं होतं आणि पालक सभेला आले तरच त्या वर्गात घेणार, असा गुरुजींचा नियम.

आत वकिलांच्या, दुकानदारांच्या बायका. कुणी पोह्याचे पापड आणलेले, कुणी तूप. गुरुजी हसत हसत घेत होते. याला ते पालकांचा सहभाग म्हणत. थू!

आईनेही फडक्यात जाडं मीठ बांधून आणलं होतं. तिने ते उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवलं. आमच्यात मीठ कुणाच्या हातात देत नाहीत, दिलं तर भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचं, समोरच्याने उचलायचं. तिला भांडण नको होतं.

"माझी पोर हुशार हाय, गुर्जी. तिला घ्या."

गुरुजींनी पुरचुंडी पायाने बाजूला सारली. "हिचा घरी अभ्यास कोण घेणार? तुम्ही?"

बायका फिदीफिदी हसल्या.

हो, तीच घ्यायची! ती मीठ ओढायची, मी बांधावर बसून मोठ्याने धडा वाचायचे. अडखळले की तिचा हात थांबायचा. "परत वाच गो." अक्षर येत नव्हतं, पण अडखळणं बरोबर कळायचं तिला.

आणि तीच आई मान खाली घालून म्हणाली, "नाय, गुर्जी. मी अडाणी."

माझं डोकं फिरलं. मी आईशेजारून उठले, पुरचुंडी उचलली आणि गुरुजींसमोर धरली. "हातात घ्या."

"अगो, हातात नको!" आई ओरडली.

घ्यायची सवयच त्या माणसाला. हात आपोआप पुढे आला. मी मीठ त्यात ठेवलं आणि आईला घेऊन निघाले. वर्गात मला शेवटपर्यंत घेतलं नाही.

आज मी रोह्याकडच्या एका शाळेत शिकवते. प्रशिक्षणात साहेब लोक चहा ढोसत सांगतात, पालकांचं लक्ष नसतं म्हणून ही मुलं मागे पडतात. यांच्यातला एकही कधी कुणाच्या बांधावर गेलेला नाही. माझी पालकसभा वालाच्या शेतात भरते, आयांचं काम चालू असतानाच. मुलं वाचतात, त्या ऐकतात. साहेबांना तपासणी करायची असेल, तर बांधावर यावं लागेल. आले, तर मीठ मी त्यांच्या हातातच देणार.