कौतुकाला भिणारे साडूभाऊ

मराठवाड्यात पाण्याची टंचाई पडते, पण काळजीची टंचाई आमच्या साडूंच्या घरी आजवर कधी पडलेली नाही. हे गृहस्थ सिद्धेश्वर धरणावर पाटबंधारे खात्यात नोकरीला आहेत, त्यामुळे काळजी हा त्यांचा पगारी व्यवसायच म्हणायला हवा. धरण भरलं नाही तर रब्बीचं काय, आणि भरलं तर दरवाजे उघडावे लागतील, मग खालच्या गावांचं काय. बारा महिने त्यांना एक ना एक घोर असतोच. वसमतला आमच्याकडे जेवायला बोलावलं तर सकाळच्या चहालाच हजर होतात, कारण नंतरची एसटी मध्येच बंद पडली तर आपल्यामुळे पानं खोळंबायला नकोत.

त्यांची सगळ्यात मोठी भीती मात्र कौतुकाची. चांगल्याला चांगलं म्हटलं की नजर लागते, यावर त्यांची अढळ श्रद्धा. त्यांची म्हैस दूध छान देते असं कोणी म्हणालं, तर ती लाथा किती मारते ते लगेच सांगतात. एकुलती एक लेक ऋतुजा शाळेत पहिली आली तेव्हा पेढे वाटताना "पेपरच सोपे व्हते हो" असं प्रत्येकाला सांगत होते. पेढा घेणाऱ्यालाच कानकोंडं व्हायचं.

अशा माणसाच्या पोरीने दहावीत असताना भलतंच काढलं. आमच्याकडची हुशार मुलं डॉक्टर व्हायला नांदेडच्या क्लासला जातात आणि साडूंनी तिथे खोलीही पाहून ठेवली होती. हिला मात्र इंग्रजीच्या बाईंनी पुण्याकडच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेचं वेड लावलं. तिथे अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा, ढीगभर विषय, स्वतः शोध घेऊन लिहायचा लांबलचक निबंध. निवडक मुलांना सगळी फी माफ, आणि ती माफी मिळाली तरच आमची ऋतुजा जाणार. डिप्लोमा म्हटल्यावर अर्ध्या नातेवाइकांना ते पॉलिटेक्निक वाटलं. साडूंची झोप मात्र दोन्ही बाजूंनी उडाली. जागा नाही मिळाली तर पोरगी खचेल, आणि मिळाली तर एवढ्या लांब जाईल, हे ते मला एकाच फोनवर सांगायचे.

लेखी परीक्षा ती पास झाली. मुलाखत कॉम्प्युटरवर होती आणि धरणाच्या वसाहतीत नेटचा भरवसा नाही, म्हणून ती आमच्या घरी ठरली. साडू आदल्या दिवशीच आले. इन्व्हर्टर तपासला, शेजारच्या व्यापाऱ्याला हात जोडून त्याचं हळद पॉलिश करायचं यंत्र तासभर बंद ठेवायला लावलं, आमच्या कुकरच्या शिट्टीवरही बंदी घातली. ऋतुजा छान बोलली आणि आत गेली. मग आईवडिलांची पाळी. मेव्हणीबाईंनी बोलायचं काम आधीच नवऱ्यावर सोपवलं होतं. पडद्यावरच्या मॅडमनी शुद्ध पुणेरी मराठीत विचारलं, तुमच्या मुलीतलं सगळ्यात चांगलं काय?

साडू काय उत्तर देणार ते मला ठाऊक होतं.

"चांगलं काई न्हाई, मॅडम," साडू घाम पुसत म्हणाले. पुढे थांबेचनात. पोरगी हट्टी आहे, उलट बोलते, स्वयंपाकाकडे फिरकत नाही. एकदा तर घरी आलेल्या मोठ्या साहेबांनाच तिने धरलं, की कालव्याच्या शेवटच्या गावांना पाणी का पोहोचत नाही. "म्या रागावलो तर मलाच इचारती, पप्पा, तुमी काहून इचारत न्हाई?"

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं आणि नमस्कार केला.

आतून ऋतुजाने सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन ती वडिलांसमोर उभी राहिली. परक्यासमोर लेकराचं कौतुक केलं की नजर लागती, असं ते पुटपुटले.

"पप्पा," ती म्हणाली, "त्या नजर लावायला न्हाई, निवडायला बसल्या होत्या."

त्या दिवशी ती जेवली नाही, आणि नंतर कितीतरी दिवस वडिलांशी कामापुरतंच बोलली. साडूंची दशा पाहवत नव्हती. वडिलांचे म्हणणे रद्द समजावे, असा अर्ज शाळेला पाठवता येतो का, असं त्यांनी मला सरकारी मराठीत विचारलं. मला हसू आलं आणि त्यांची फार दयाही आली.

निकाल आला तेव्हा पोरगी फीमाफीसकट निवडली गेली होती. वडिलांच्या बोलण्यामुळे की त्या बोलण्याला न जुमानता, ते त्या शाळेलाच माहीत. साडूंनी मला फोनवर "मिळालं बरं का" असं सांगितलं ते एखाद्याचं आजारपण कळवावं तशा आवाजात.

जूनमध्ये ती गेली. नंतर पहिल्यांदा मी सिद्धेश्वरला गेलो तेव्हा आम्ही दोघं धरणाच्या भिंतीवर बसलो होतो. पाणी चांगलं चढलं होतं, पण त्यांनी त्याची काळजी एका शब्दानेही बोलून दाखवली नाही, तेव्हा मलाच काळजी वाटायला लागली.

"लई हुशार हाय हो पोरगी," ते एकदम म्हणाले. "म्या तिला कधी तसं म्हणलंच न्हाई. मला वाटायचं, चांगलं म्हणलं तर हातातून जाईल. न म्हणता बी गेलीच की."

मी म्हटलं, साडूभाऊ, मग आजच तिला फोन करून सांगा.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि नुसता हातात धरला.

"फोनवर म्हणलं तर नजर लागत न्हाई ना हो?"

अजिबात लागत नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. मला तरी काय ठाऊक होतं?