गाडा कुणाच्या नावानं?

खंडाळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनवर बसलेली सारिका सकाळपासून एकच उद्योग करत होती: मोबाइल उघडायचा, बघायचा आणि पालथा ठेवायचा. पाहुणे चाव्या मागत होते, ती हसून देतही होती. गावच्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीची नोंदणी यंदा तिने केलेल्या ऑनलाइन फॉर्मवर होती, आणि एवढ्या मोठ्या मावळातून आलेल्या नोंदी एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या.

गेल्या वर्षापर्यंत टोकन देवळासमोर रांगेत मिळायचं. रांग कसली, झुंबडच. कुणीतरी आपल्या भाच्याचा गाडा मागच्या दाराने यादीत घुसवला आणि काठ्या निघाल्या. यात्रा कमिटीचे अध्यक्ष रखमाजी भांडण सोडवायला गेले आणि कपाळाला टाके घेऊन आले. यंदाच्या बैठकीत ते म्हणाले, शर्यत बंद. तेव्हा सारिकाचे सासरे बजरंगआबा उठून उभे राहिले. हा माणूस बैठकीत कधी तोंड उघडत नाही. "माझी सून करंल मोबाइलवर. कुणाचं मागं-पुढं व्हनार न्हाई, शब्द देतो," म्हणाले. रखमाजींनी मान हलवली, पण बजावलं, "रईवारपातुर गाडे आले न्हाईत, तर शर्यत न्हाई. मंग मला कुनी बोलू नका."

आता रविवार उद्यावर आला होता. शब्द आबांचा होता आणि फॉर्म सारिकाचा.

फॉर्म करण्यात ती काही नवशिकी नव्हती. हॉटेलात साहसी खेळ म्हणून दोरीवरून लोंबकळायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिनेच नोंदणीचा फॉर्म केला होता आणि मॅनेजरने चारचौघांत कौतुक केलं होतं. तोच तिने मराठीत आणला. अक्षरं मोठी केली, प्रश्न कमी केले, वर भैरवनाथाचा फोटो लावला. मग मॅनेजरला दाखवला, नवऱ्याला, सत्यमला दाखवला. दोघेही म्हणाले, एकदम सोपा. ज्यांनी तो भरायचा, त्या गाडामालकांपैकी एकालाही दाखवावा असं मात्र तिला सुचलं नाही. शहाण्या माणसाचं असं होतं कधी कधी.

संध्याकाळी ती कामशेतला उतरली, तर स्टेशनबाहेर गेणू भेटला. गावातला नामांकित गाडा त्याचा.

"गेणूभाऊ, फॉर्म भरला का?"

गेणूने चपलेकडे बघितलं. "भरतो की. लय भारी केलाय वयनी फॉर्म," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेलाच.

गेले दोन दिवस हेच चाललं होतं. जो भेटेल तो कौतुक करायचा आणि भरत कुणीच नव्हतं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. बाईच्या हातचं नको असेल. की गावाने ठरवूनच टाकलंय? उद्या रखमाजी भर देवळात विचारतील आणि आबा खाली मान घालून उभे राहतील. रिक्षात बसल्या बसल्या तिला ते दिसत होतं.

घरी आबा गोठ्यापुढे बैलांची अंगं चोळत होते.

"आबा, तुमी तरी भरला का?"

"भरू की. भायेरगावच्या पावन्यांचं होऊ दे आधी."

आबांनी नजर चुकवली ते तिने पाहिलं. तिने त्यांचाच मोबाइल त्यांच्या हातात दिला. "माज्यासमोर भरा."

आबांनी हात पुसले आणि एका बोटाने टिपायला सुरुवात केली. गाडामालकाचे नाव: कु. पिंकी सत्यम. वय: चार.

खाली लाल अक्षरं उमटली. 'आपण अपात्र आहात.'

"आबा, मालकाचं नाव इचारलंय. पिंकीचं कशाला टाकलं?"

"मालक मंजी तीच की. गाडा तिच्याच नावानं पळतोय. सपीकरवर नाव तिचंच पुकारत्यात."

सारिका ओट्यावर बसली. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं! मावळात गाडा कुणी स्वतःच्या नावाने पळवत नाही. कुणाचा नातवाच्या नावाने पळतो, कुणाचा वारलेल्या बापाच्या. गेल्या यात्रेत स्पीकरवरून आपल्या लेकीचं, पिंकीचं नाव आलं, तेव्हा घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या कडेला ही सारिकाच पदर डोळ्यांना लावून उभी होती. आणि हॉटेलच्या खुर्चीत बसून दोरीवर लोंबकळणाऱ्यांची अठरा वर्षांची अट तिने जशीच्या तशी ठेवून दिली होती.

"पैल्याच दिशी सकाळी भरला व्हता. तवा बी असंच म्हनला," आबा म्हणाले.

"मंग बोलला का न्हाई?"

"तू एवढं जिवापाड केल्यालं. वाटलं, आमालाच जमत न्हाई. गेणूनं त्याच्या बापाचं नाव टाकलं. आता वारल्याल्या मानसाचं वय काय टाकावं? त्यो आला व्हता इचारायला. म्यांच सगळ्यांस्नी म्हनलं, गप ऱ्हावा, पोरीला वाईट वाटंल."

तिला खरंच वाईट वाटलं, पण ते दाखवायला वेळ नव्हता. तिथेच ओट्यावर बसून तिने फॉर्म उघडला. आबा एकेक ओळ मोठ्याने वाचायचे, आणि जिथे अडायचे तो शब्द ती बदलायची. 'गाडा कुणाच्या नावानं पळणार?' इथे वय नाही. 'घाटात गाड्याबरोबर कोण असणार?' इथे वय आणि मोबाइल. लाल ओळ तिने काढून टाकली आणि लिहिलं, 'अडलं तर सारिकाला फोन करा.' शेवटी आबा म्हणाले, "ही तालीम झाली. माजा खरा उद्या भरीन, आधी पावन्यांचा."

रविवारी तिची ड्यूटी होती. बदललेला फॉर्म तिने रात्रीच सगळ्या गाडामालकांना धाडला होता. गेणूची नोंद सकाळीच आली, आणि मग मोबाइल ड्रॉवरमध्ये थरथरतच राहिला. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच दुसरी धास्ती लागली. उजेडात जेवढे गाडे पळतील तेवढेच घ्यायचे, असं रखमाजींनी ठरवून दिलं होतं. तेवढे झाले की फॉर्म आपोआप बंद. आकडा भरत आला आणि पिंकीचं नाव काही दिसेना.

तिने घरी फोन लावला. तो सासूने, नंदाबाईंनी उचलला.

"आत्या, आबांना म्हनावं आत्ताच्या आत्ता भरा!"

"ते म्हनत्यात, घरच्यांनीच आधी नंबर लावला तर लोक काय म्हनत्याल."

"अवो बंद व्हायला आलाय!"

ती बोलत असतानाच शेवटची नोंद पडली. कुण्या बाहेरगावच्या पाहुण्याची.

संध्याकाळी ती धावतच घरी आली. रखमाजी नुकतेच येऊन आबांचा हात हातात घेऊन गेले होते. शर्यत होणार होती. आबा ओट्यावर बसले होते. मोबाइलवर सारिकानेच लिहिलेली ओळ होती: 'यंदाची नोंदणी पूर्ण झाली. पुढल्या वर्षी आपल्या गाड्याची वाट पाहू.'

"आता फॉर्म कसा आदबीनं बोलतो बग," आबा म्हणाले.

"आबा, मला मागून घालता येतं नाव. कुनाला कळनार बी न्हाई."

"तुला कळंल की. गेल्या साली डोकी फुटली ती ह्येच्यापायीच." ते उठले आणि शर्यतीसाठी काढून ठेवलेल्या बैलांच्या झुली परत ट्रंकेत ठेवू लागले.

पिंकी धावत आली. "आबा, आपला कितवा नंबर?"

"आपला? पुढच्या वर्षी पैला."

सारिका तिथेच दाराला धरून उभी राहिली. पहिला तो यंदाच होता. आबांनी पहिल्याच सकाळी नाव घातलं होतं आणि तिच्या फॉर्मने त्यांना अपात्र म्हटलं होतं.